तुपेकाका आणि माणसांची वट

तुपेकाका समोर आलेल्या माणसाला नमस्कार करत नाहीत. त्याचा आकडा सांगतात.

मी सकाळी पावणेसातला शाळेला निघते, तेव्हा ते त्यांच्या फाटकाशी उभे असतात. अंगात कंपनीचा जुना निळा शर्ट, कानावर पेन्सिल, गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा. मी स्कूटी बाहेर काढते न काढते तोच आवाज येतो, "मॅडम, सव्वा!"

"काल तर दीड होता."

"काल तुम्ही ग्रुपवर ते ग्रहणाचं टाकलं ना. लई लांबलचक. कुणी वाचलं नाय. पाव गेला."

हा आकडा म्हणजे माझी वट. आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्या शब्दाला किती वजन आहे, कुणी काही म्हटलं की किती माणसं खरोखर जागची हलतात, हे भागिनाथ तुपे नावाचे आमचे शेजारी मोजतात. रोज. दशांशापर्यंत.

आम्ही बजाजनगरात राहतो. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत, त्यामुळं त्यांच्याकडची फोडणी आमच्याकडं शिंकवते. तीस वर्षं ते वाळूजच्या एका कारखान्यात तपासनीस होते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेला माल मोजायचा आणि केसभर कमी-जास्त निघाला तर परत पाठवायचा. ही सवय त्यांच्या हाडात गेली आहे. शांताकाकू, म्हणजे त्यांच्या बायको, सांगतात की लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी पोळीची जाडी मोजली होती.

"तीन ठिकाणी मोजली," काकू म्हणतात, "आन् वरून म्हणले, सरासरी बरी हाय. तेवढ्या कौतुकावर मी पस्तीस वर्षं काढली."

रिटायर झाल्यावर पहिले दोन महिने त्यांनी घर मोजलं. नळाला पाणी किती मिनिटं येतं ते मोजलं, पायऱ्यांची उंची मोजली, दाराला एका बाजूनं किती फट आहे ते मोजलं. मग लेकीनं त्यांना स्मार्टफोन आणून दिला आणि कुणीतरी त्यांना कॉलनीच्या ग्रुपमध्ये घेतलं. महिनाभर ते त्यात एक अक्षर बोलले नाहीत. फक्त बघत राहिले. आणि एके दिवशी आलेखाचा कागद घेऊन माझ्या दारात उभे.

"मॅडम, तुम्ही सायन्सच्या. मला एक सांगा. एवढी माणसं एवढं बोलतात. ऐकतं कोण?"

"ते कसं सांगणार, काका?"

"मोजल्याबिगर बोलायचं नाय," ते म्हणाले. हे त्यांचं आवडतं वाक्य. जेवायला बसतानाही म्हणतात. "मोजू मग."

पहिली रीत साधी होती. जो जास्त मेसेज टाकतो, त्याची वट जास्त. या हिशेबानं पहिला नंबर आला आमच्या ग्रुपच्या ॲडमिनचा, कुलथ्यांचा. कुलथे पहाटे पाचला गुलाबाचं फूल टाकतात, सहाला सूर्य, सातला सुविचार आणि रात्री झोपताना चंद्र. काकांनी त्यांना नऊ पूर्णांक आठ दिले आणि तसं जाऊन सांगितलं. कुलथे इतके फुलले की दुसऱ्या दिवशी दोन सूर्य उगवले.

पण त्याच आठवड्यात कुलथ्यांना ताप आला. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'अंथरुणाला खिळलो आहे.' बासष्ट जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. तिघांनी फुलं पाठवली, ती कुलथ्यांचीच सकाळची होती. घरी भेटायला कोण कोण जातं, हे मोजायला काका तीन दिवस त्यांच्या दारात चकरा मारत राहिले. मोजायलाच. जाताना हातात काकूंनी केलेल्या खिचडीचा डबा असायचा, तेवढंच.

"शून्य," तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले. "एक बी माणूस नाय. बासष्ट नमस्कार आन् एक बी चप्पल नाय दारात. माझी रीतच चुकली, मॅडम."

"तुम्ही गेलात की."

"मोजणाऱ्याला धरत नसतात."

दुसरी रीत निघाली अंगठ्यांची. ज्याच्या मेसेजला जास्त अंगठे, त्याची वट जास्त. यात अंकुशभाऊ पहिले आले. अंकुशभाऊ आमच्या भागातले होऊ घातलेले पुढारी. वाढदिवसाला त्यांचा क्रांती चौकात बॅनर लागतो. त्यावर ते मोबाइल कानाला लावून दूर कुठंतरी बघत असतात. त्यांनी ग्रुपवर टाकलं, रविवारी सकाळी मैदानावर झाडं लावू, सर्वांनी यावं. दीडशे अंगठे आले. ग्रुपात माणसं एकशे चाळीस. दहा जणांनी दोन दोन फोनवरून दाखवले असावेत.

रविवारी काका पेन्सिल घेऊन मैदानावर हजर. अंकुशभाऊ आले, फोटो काढणारा आला आणि रोपं आणणारा टेम्पोवाला आला. बाकी कुणी नाही. शेवटी खड्डे काकांनी आणि टेम्पोवाल्यानं खणले. अंकुशभाऊ प्रत्येक खड्ड्याशी उभे राहिले.

त्या संध्याकाळी काकांनी त्यांची वट अर्ध्यावर आणली. ही बातमी अंकुशभाऊंना लागली आणि ते दोन मोबाइल, एक कार्यकर्ता असे काकांच्या ओट्यावर आले. मी भिंतीपलीकडं भाजी निवडत होते, निवडायची थांबले.

"काका, माझे वीस हजार फॉलोअर हायेत. वीस हजार! आन् मला अर्धा?"

"फॉलोअर म्हंजी काय?"

"म्हंजी मागं येणारे."

"बरं. मागं येऊन कुठं गेले ते?"

अंकुशभाऊंनी कार्यकर्त्याकडं बघितलं.

"रविवारी मैदानापर्यंत तर आले नाय," काका अगदी मायेनं म्हणाले. "अंगठ्याला काय, भाऊ, तो बसल्या जागी उठतो. माणूस उठला पाहिजे."

काकूंनी मध्येच चहा आणला म्हणून बरं. अंकुशभाऊंनी चहा घेतला, जाताना कार्यकर्त्याला बाजूला घेऊन विचारलं, "आपल्याला पाऊण करून घेता यील का?"

तिसरी रीत मात्र खरोखर हुशारीची होती, आणि तिनं आमच्या कॉलनीची जेवणं बिघडवली.

कारखान्यात मालाच्या प्रत्येक घाण्याला एक खूण असते. तुकडा जगात कुठंही सापडला तरी त्या खुणेवरून कळतं की तो कुठल्या यंत्रावरून निघाला. काकांनी ठरवलं, मेसेजलाही अशी खूण करायची. त्यांनी शांताकाकूंकडून येसराच्या, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याच्या, आमटीची कृती लिहून घेतली आणि ती पाच जणांना वेगवेगळी पाठवली. सगळं तेच, फक्त मिठाचं माप प्रत्येकाला वेगळं. कुलथ्यांना एक चमचा. अंकुशभाऊंना सव्वा. गिरणीवाल्याला दीड. मला दोन. आता कृती फिरत फिरत कुठंही पोचली, तरी मिठावरून कळणार की ती कुणाच्या हातून सुटली.

पाचवा माणूस त्यांना असा हवा होता की ज्याची वट शून्यच असणार. "काहीबी मोजायच्या आधी काटा शून्यावर हाय का बघायचं असतं," ते म्हणाले. म्हणून त्यांनी रशीदाभाभींना निवडलं. रशीदाभाभी कोपऱ्यावरच्या घरात साड्यांना फॉल-पिको करून देतात. वर्षभरात त्यांनी ग्रुपवर सगळे मिळून अकरा मेसेज टाकले होते, त्यातले दोन 'हो' होते. त्यांना पावणेदोन चमचे.

मी माझी कृती इमानेइतबारे पुढं पाठवली. एकाच व्यक्तीला, माझ्या आईला. तिचा दुसऱ्या दिवशी फोन आला, "दोन चमचे मीठ? तुला कुणी सांगितलं?" तिथं माझी साखळी संपली.

पुढचा आठवडाभर काका घरोघरी आमटी चाखत फिरले. कुणाच्याही घरी येसराचा वास आला की ते काहीतरी निमित्त काढून आत. वाटीभर घ्यायचे, डोळे मिटायचे, जिभेवर घोळवायचे आणि पुटपुटायचे, "पावणेदोन." पलीकडच्या गल्लीत, "पावणेदोन." शाळेमागच्या चाळीत, "पावणेदोन." आणि मग आठव्या दिवशी शांताकाकूंच्या बहिणीचा पैठणहून मेसेज आला, 'अक्का, ही आमटी करून बघ, लई भारी होती.' खाली कृती. पावणेदोन चमचे.

काकूंनी पैठणहून परत आलेली आपलीच आमटी दोनदा वाचली. काका मात्र आमच्या दारात येऊन उभे राहिले. घामाघूम.

"मॅडम, ज्याला मी शून्य धरलं, तेच सगळ्यात मोठं निघालं. कुलथेचं मीठ तीन घरांत. अंकुशभाऊचं एक बी घरात नाय, त्याच्या स्वतःच्या बी नाय. आन् ही बाई काही बोलत नाय, आन् हिचं मीठ पैठणला!"

त्यानंतर काका दर सोमवारी गिरणीच्या भिंतीवर यादी लावायला लागले, आणि कॉलनीला वेड लागलं. दळण घ्यायला गेलेल्या बायका पीठ विसरून यादी वाचायच्या. ज्यांचा आकडा उतरला, त्या ज्यांचा चढला त्यांच्याशी बोलेनात. कुलथ्यांनी चंद्र बंद केला. एका घरी स्थळ आलं, तेव्हा मुलीच्या बापानं विचारलं म्हणे, "मुलगा पर्मनंट आहे ते कळलं, पण वट किती?" अंकुशभाऊ एकदा घमेलं घेऊन खरंच खड्डा खणताना दिसले. फोटोवाला नव्हता. काकांनी त्यांना त्या सोमवारी एक पूर्णांक दोन दिले, आणि अंकुशभाऊंनी गल्लीत पेढे वाटले.

फक्त रशीदाभाभींना यातलं काही नको होतं. "काका, मेरा नाम काट दो ना," त्या म्हणायच्या. "लोग आते हैं, मेसेज पाठवा म्हणतात. मैं साड्या कब करूं?"

काकांच्या यादीत स्वतःचं नाव मात्र कधीच नसायचं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माझं काय मोजायचं?" आणि विषय बदलला.

मला हे सगळं म्हणजे एका रिकाम्या माणसाचा गोड खुळेपणा वाटायचा. वर्ष होत आलं तोवर तसंच वाटत होतं.

मग एका शनिवारी दुपारी ते आले. आकडा सांगितला नाही. खिशातून चार घड्यांचा एक कागद काढला. घड्यांवर तो इतका विरला होता की उलगडताना त्यांनी खाली दुसरा हात धरला.

"मॅडम, जरा शुद्धलेखन बघता का."

कागदावर त्यांच्या ताठ अक्षरात लिहिलं होतं. 'रऊफ शेख, टर्नर, राहणार पूर्वी वाळूज, याचा शोध घेणे आहे. उंची अंदाजे पाच फूट नऊ इंच.' त्याखाली कारखान्याचा विभाग, पाळी, यंत्राचा प्रकार, सगळं. आणि अगदी शेवटी, बारीक, 'रऊफ, तू जिथं असशील तिथून कळव. भागिनाथ.'

"हे कोण?"

ते ओट्यावर बसले. "आम्ही एका डब्यात जेवायचो," म्हणाले. "नऊ वर्षं. तो लेथवर लोखंडी पिना बनवायचा, मी त्या तपासायचो. शिट्टी वाजवत काम करायचा. टेम्पररी होता, दर सहा महिन्यांनी कागद नवीन व्हायचा त्याचा."

मी त्यांच्याशेजारी बसले.

"एकोणीस वर्षं झाली. कागद नवीन व्हायचा होता त्याच आठवड्यात त्याचा एक लॉट माझ्याकडं आला. मी मोजला. माप बसंना. दोस्त म्हणून सोडला असता तर मी कसला तपासनीस? रिजेक्ट केला. त्याला काढलं." ते चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत होते. "तो भांडला बी नाय. म्हणला, भागी, माप म्हंजी माप. गेला."

"मग?"

"मग महिन्यानं माझं गेज तपासणीला गेलं. मोजायचं हत्यार, मॅडम, ज्यानं मी त्याचा माल मोजला. त्याचा काटाच शून्यावर नव्हता. रोज सकाळी शून्य बघून मग हात लावायचा, हा माझाच नियम. त्या दिवशी मी बघितला नाय. रऊफचा माल बरोबर व्हता."

भिंतीपलीकडं शांताकाकू भांडी घासत होत्या.

"साहेबाला जाऊन सांगितलं. तो म्हणला, आता काय, माल भंगारात गेला, माणूस गेला. मी त्याच्या खोलीवर गेलो, ती रिकामी. कुठं कुठं विचारलं. आता हा फोन आला तवा वाटलं, ह्याच्यातून सापडंल. पण मी ग्रुप बघितला ना महिनाभर. चांगले चांगले मेसेज तिथं येऊन मरतात. हा माझा एकच हाय. चुकीच्या हातातून सोडला आन् मेला, तर?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सुविचार, अंगठे, मीठ. वर्षभर हा माणूस तो एक हात शोधत होता.

"काका, तो हात तुम्हाला कधीच सापडलाय. पैठणहून आमटी परत आली त्या दिवशी."

"व्हय," ते म्हणाले. "पण तिला सांगू कसं? सगळं सांगावं लागंल ना. माझं चुकलं ते बी."

मी त्यांना उठवलं आणि कोपऱ्यावर घेऊन गेले. पन्नास पावलांचं अंतर. काकांनी ते पहिल्यांदाच न मोजता कापलं असेल.

रशीदाभाभींनी मशीन थांबवलं, सगळं ऐकून घेतलं, कागद वाचला आणि म्हणाल्या, "काका, इतना लंबा कोन पढेगा? पाच फूट नऊ इंच! आदमी ढूंढ रहे कि कपाट?"

काका ओशाळले. भाभींनी फोन घेतला आणि स्वतःच लिहिलं. 'आमच्या गल्लीतले तुपेकाका आपल्या जुन्या दोस्ताला शोधतायत. रऊफ टर्नर, पूर्वी वाळूजला होते, काम करताना शिट्टी वाजवायचे. दोघं एका डब्यात जेवायचे. काकांना त्यांची लई आठवण येते. कुणाला माहीत असेल तर मला कळवा. रशीदा.'

"आठवण येते असं मी कुठं लिहिलं होतं?" काका म्हणाले.

"येते ना?"

काकांनी मान हलवली.

"तो फिर." आणि त्यांनी तो मेसेज एकेक नाव बघून पाठवला. अकरा बायकांना.

"फक्त अकरा?" काका घाबरले. "ग्रुपवर नाय टाकायचा?"

"ज्यांना मी ओळखते त्यांनाच पाठवते," भाभी म्हणाल्या. "और झूठा मेसेज मैं कबी भेजती नै. इतकंच करते मी, काका. तुम्ही उगाच ते आकडे लावता."

काकांनी खिशातून कागद काढला, कानावरची पेन्सिल घेतली आणि हे वाक्य उतरवून घेतलं.

पुढचे चार दिवस फाटकाशी कुणी उभं नव्हतं. मी शाळेला आकड्याशिवाय जात होते आणि दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. पाचव्या दिवशी दुपारी रशीदाभाभी ओढणी सावरत गल्लीतून जवळजवळ पळत आल्या. त्यांच्या एका गिऱ्हाइकाची नणंद सिल्लोडला, तिच्या शेजारणीची भाची अजिंठ्याला दिलेली. तिच्या घरासमोर लेथचं दुकान. विहिरीवरच्या मोटारींची कामं करतात. म्हातारबाबा दिवसभर शिट्टी वाजवतात.

रऊफचाचा रविवारी येतो म्हणाले.

शनिवारचा सबंध दिवस मी भिंतीतून काकांची तयारी ऐकत होते. "रऊफ, मला तुला एक सांगायचं हाय." मग खाकरणं. "रऊफ, गोष्ट अशी हाय." मग शांताकाकूंचा आवाज, "अवो, आधी बसा तर म्हणा त्याला!"

रविवारी अकराच्या सुमारास रिक्षातून एक उंच, वाळका माणूस उतरला. पांढरी दाढी, हातात पेरूंची पिशवी. काका फाटकाशी उभे होते.

"वाळलास," काका म्हणाले.

"तू फुगलास," रऊफचाचा म्हणाले.

काकूंनी ओट्यावर सतरंजी घातली होती. काका रऊफचाचांच्या डाव्या हाताला बसले. रशीदाभाभी आणि मी उजवीकडं पायरीवर. काकांनी खाकरून घेतलं आणि खालच्या मानेनं, अगदी हळू म्हणाले, "रऊफ, त्या दिवशी गेज चुकीचं होतं."

"क्या?"

"गेज चुकलं व्हतं."

"गॅस? किसका गॅस?"

"गॅस कालच आणलाय!" आतून काकूंचा आवाज.

रशीदाभाभींनी ओढणी तोंडात कोंबली. मी पायरीच्या फरशीकडं बघत राहिले. समोरच्या घरातली खिडकी उघडली, तिच्याशेजारची उघडली.

"गॅस नाय रे! गेज! गेज!" काका ओरडले.

"जोरात बोल, भागी!"

मग ज्या माणसानं वर्षभरात ग्रुपवर एक शब्द टाकला नव्हता, तो सतरंजीवर उभा राहिला आणि सबंध गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "माझं माप चुकलं व्हतं! तुझा माल बरोबर व्हता! रऊफ, तुझा माल बरोबर व्हता!"

काका उभेच होते, हात लोंबकळत.

रऊफचाचांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कोणता माल?"

"तो... शेवटचा लॉट. ज्याच्यापायी तुला काढलं."

"अरे, मेरेकू किसने निकाला? मैं तो अम्मी बीमार थी, इसलिए गया था. लॉट-बिट काय मला आठवत नाय, भागी." त्यांनी काकांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. "एवढ्यासाठी बोलावलं व्हय? मला वाटलं, जेवायला."

काकांचं तोंड उघडंच राहिलं. "आठवत नाय?"

"इतकी जुनी गोष्ट कोण ध्यानात ठेवतं? जा, पाणी आण."

काका उठले. दाराला अडखळले, आत गेले. आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ बंद झाला नाही.

रशीदाभाभी जरा पुढं सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "चाचा, सच्ची याद नै?"

रऊफचाचांनी आधी दाराकडं बघितलं.

"दोनशे चाळीस पिना होत्या," ते म्हणाले. "त्यातली एक मी खिशात घालून नेली होती. अजिंठ्याला जाऊन मोजली. बरोबर होती."

"मग त्यांना सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"आता केवढा ओरडला बघितलं ना," रऊफचाचा म्हणाले. "आणखी किती ओरडायला लावू?"

नळ बंद झाला. काका तांब्या-भांडं घेऊन बाहेर आले. तोंड धुतलं होतं. शर्टाची कॉलर भिजली होती. ते पुन्हा डाव्या हाताला बसायला निघाले, तशी रऊफचाचांनी त्यांची बाही ओढली आणि उजवीकडची सतरंजी हातानं झटकली. रशीदाभाभींनी आणि मी उठून जागा करून दिली.

"तिकडं नको, भागी," ते म्हणाले. "इकडं बस. या कानानं ऐकू येतं मला."